हळद लागलेली पाती

रानडुकरावर सोडायच्या बाणाला कसलं पातं लावावं, यावर मी एके काळी तासभर बोलू शकत होते. मी स्वतः एकही डुक्कर मारलेलं नाही. मारताना पाहिलेलंही नाही, आणि डुकराचं मटण आमच्या घरात कधी शिजलं नाही. तरी एका डुकराच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते विसरता येत नाही. त्यानंतर मी माझ्या नवऱ्याशी जशी वागले ते तर त्याहून नाही. वीस वर्षं होत आली. लिहून टाकलं की बरं वाटतं असं लोक म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण लिहिते.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं असतील. आम्ही नॉटिंगहॅमला होतो. नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये. पुण्यात कॉलेजात असल्यापासूनची ओळख, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी नव्हतं. माझं काम म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा आणि मशीनवर त्याचे इतके पातळ काप काढायचे की त्यातून पलीकडचं दिसावं. सगळा खेळ पात्याच्या धारेचा. इंग्लंडात आयती पाती मिळायची, वापरली की टाकून द्यायची. पण मी शिकले पुण्यात. तिथे एकच जाड पोलादी सुरी वर्षानुवर्षं चालायची आणि रोज संध्याकाळी काचेच्या तुकड्यावर पेस्ट लावून ती पाजवावी लागायची. सुरी ओली ठेवून जो घरी जाईल त्यानं उद्या येऊ नये, असं आमचे तिथले सर बजावायचे. धार लावली की पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, मगच दिवा बंद. हे मी मुद्दाम सांगते आहे. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून माझी मान धरायला लागली. खांदे मागे ओढले जातील असा काहीतरी व्यायाम करा, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. लॅबच्या नोटीस बोर्डवर आर्चरी क्लबचा कागद होता. पोहणं मला जमत नाही, जिममध्ये आरशासमोर घाम गाळायची लाज वाटते, म्हणून मी धनुष्य उचललं. पहिल्याच दिवशी दोरी सुटून हातावर बसली आणि कोपरापाशी काळंनिळं झालं. नवरा म्हणाला, "उद्या फुल स्लीव्ह्ज घालून जा बाई, डिपार्टमेंटला वाटेल मी मारतो."

क्लबचे कोच सत्तरीला आलेले होते. लेसच्या कारखान्यात मशीन फिटर म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. त्या गावातली जुनी माणसं ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांनाच लाडानं 'डक', म्हणजे बदक, म्हणतात. कोचनी मला पहिल्यांदा "इकडे ये, डक" म्हटलं तेव्हा मला वाटलं वाकायला सांगताहेत, आणि मी चटकन खाली वाकले. ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. पुढे त्यांनी मला उभं राहण्यापासून श्वास सोडण्यापर्यंत सगळं शिकवलं. आम्हाला त्या देशात येऊन नऊ वर्षं झाली होती. हॉस्पिटलबाहेरच्या ज्या पहिल्या इंग्रज माणसानं मला आपल्या घरात बसवून चहा पाजला, ते हे. त्यांची बायको गेलेली होती. चहा पांचट असायचा, पण मी दर रविवारी जायची.

इंग्लंडात धनुष्यानं शिकार करायला कायद्यानं बंदी आहे. फ्रान्समध्ये चालते. कोचचा एक मित्र तिकडे शेत घेऊन राहिला होता, आणि रानडुकरं त्याच्या मक्याची वाट लावत. कोच दर ऑक्टोबरला गाडी बोटीवर चढवून तिकडे जात. तिकडचा परवाना, तिकडचं प्रशिक्षण, सगळं त्यांनी रीतसर केलेलं. त्यांचा एकच नियम होता: जनावर दहा-पंधरा सेकंदांत खाली पडेल याची खात्री असेल तरच बाण सोडायचा. नाहीतर बसून राहायचं आणि परत यायचं. कित्येक वर्षं ते तसेच बसून परत आले होते.

त्या वर्षी त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं. पूर्वीचं ताठ धनुष्य आता त्यांना ओढवेना, म्हणून त्यांनी कमी ताणाचं घेतलं. ताण कमी म्हणजे बाणाचा जोर कमी. रानडुकराच्या, विशेषतः नराच्या, खांद्यावर कातडीखाली कूर्चेचा, म्हणजे चिवट मऊ हाडाचा, बोटभर जाड थर असतो, जवळजवळ ढालच. ती फोडून बाण फुप्फुसापर्यंत पोचला पाहिजे. आता जोर कमी म्हटल्यावर सगळी भिस्त पात्यावर आली. या पात्यांना ब्रॉडहेड म्हणतात. सप्टेंबरात एका रविवारी कोचनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि कामाच्या टेबलावर तीन पाकिटं मांडली.

"तू रोज मांस कापतेस, डक," ते म्हणाले. अर्थात इंग्रजीत. "बाकी सगळे मला दुकानातली जाहिरात वाचून सल्ला देतात. तू सांग."

एवढंसं वाक्य, पण मी फुगले. पंधरा वर्षांत कुणी मला धारेबद्दल काही विचारलं नव्हतं.

पहिलं पातं अमेरिकेहून मागवलेलं, मिटलेलं. लागलं की छत्रीसारखं उघडतं आणि चांगली रुंद जखम करतं. कोचचा जीव त्याच्यावर होता. दुसरं स्टेनलेस, तीन धारांचं. डबीतून काढलं की दाढी करावी इतकी तयार धार, आणि बोथट झालं की नवी पाती बसवायची. तिसरं साध्या पोलादाचं, दोनच धारांचं, लांबट, भाल्याच्या टोकासारखं. कारखान्यातून येताना ते बोथटच येतं. धार आपली आपण लावायची.

"डुकराचं काम, घरी चालेल ना?" त्यांनी विचारलं. "तुमच्या धर्मात काही...?"

"छे, छे," मी म्हणाले. वराह हा आमच्या दहा अवतारांपैकी एक आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती.

आम्ही प्रयोग केला. खाटकाकडून डुकराचा अख्खा खांदा आणला, त्यावर कातडीच्या जागी एक जुनं लेदर जॅकेट गुंडाळलं, मागे पेंढ्याचा भारा लावला. जॅकेट माझ्या नवऱ्याचं होतं, कॉलेजच्या दिवसांतलं. पोट सुटल्यापासून ते त्याला होत नव्हतं, पण टाकून देऊ द्यायचा नाही. मी त्याला सांगितलं की चॅरिटी शॉपला दिलं. आणि त्या रविवारी ओव्हरटाइम आहे असंही सांगितलं. एका दुपारी दोन थापा.

पहिलं पातं जॅकेटवरच उघडलं. सगळा जोर उघडण्यात गेला आणि बाण जेमतेम बोटभर आत जाऊन अडकला. कोच हिरमुसले. तिसरं आरपार जाऊन पेंढ्यात रुतलं. मग दुसरं. तेही मांसातून गेलं, टोक मागच्या बाजूनं बाहेर आलं आणि थांबलं.

दुसरं पुरेसं होतं. ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. गंजत नाही, धार आयती, सत्तरीच्या माणसाला परदेशात सांभाळायला सोपं. लॅबमध्ये कुणी मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून तेच सांगितलं असतं. पण दुसरं निवडलं तर माझं काम त्याच क्षणी संपत होतं. तिसरं निवडलं तर ते पाजवणार कोण? मी. "तिसरं," मी म्हणाले, आणि सगळी शास्त्रीय कारणं दिली. कारणं खरी होती. म्हणूनच ती देताना अडखळायला झालं नाही.

सहा पाती घेऊन मी घरी आले. नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, स्पर्धा आहे, तिच्यासाठी बाणांची टोकं, पॉइंट्स, आहेत. त्याला खरं का सांगितलं नाही? तो घरातला कोळीसुद्धा पेल्यात धरून बाहेर सोडतो. लोकांना दुखू नये म्हणून त्याची सगळी नोकरी. त्यानं मला अडवलं नसतं, नुसतं बघितलं असतं, आणि ते बघणं मला नको होतं. त्याच्या नाइट ड्यूटीच्या दिवशी, संध्याकाळी तो गेला की मी काच काढायची. पाच संध्याकाळी मी ती पाती पाजवली. आधी दगडावर, मग काचेवर पेस्ट लावून, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. हात काही विसरले नव्हते. इतकी सुखात मी त्या देशात क्वचितच होते. शेवटी केस नुसता टेकवला की तुटायचा. प्रत्येक पात्याला तेल लावलं, बिस्किटांच्या डब्यात फडक्यावर मांडली आणि डबा माझ्या धनुष्याशेजारी कपाटात ठेवला.

आता खंडेनवमी. माझा नवरा एरवी देवाधर्मातला नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना मागे उभा राहून फोनवर क्रिकेटचा स्कोअर विचारणाऱ्यांतला. पण खंडेनवमी हा त्याचा सण. त्याच्या वडिलांचं साताऱ्याला लहानसं वर्कशॉप होतं. नवमीला लेथ धुऊन-पुसून तिला हार घालायचे आणि दसऱ्यापर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. नॉटिंगहॅमला तो ही सगळी हौस आमच्या सेमी-डिटॅच्ड जोडघरात भागवायचा. स्टेथोस्कोप, पाने, स्क्रूड्रायव्हर, माझ्या किचनमधल्या सुऱ्या, कात्री, गाडीची किल्ली. लॉनमोअर घरात आणू द्यायची नाही मी, म्हणून शेडमध्ये जाऊन त्याला हळदकुंकू. आणि मी आर्चरीला लागल्यापासून माझं धनुष्य मधोमध. खरंखुरं शस्त्र घरात आलं म्हणून त्याला कोण आनंद!

त्या वर्षी नवमीला त्याला सुट्टी होती आणि मला नव्हती. सहा वाजता घरी आले तर दारातच उदबत्तीचा वास.

"या, धनुर्धर!" तो म्हणाला. "तुझे नवे पॉइंट्सपण ठेवलेत पूजेत. काय गं, केवढा तेलकट राडा होता त्यांना! वॉशिंग-अप लिक्विड लावून गरम पाण्यात मस्त धुतले, मग ठेवले. आणि धार केवढी! हे बघ." त्याच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

तांब्याच्या ताम्हनात सहाही पाती गोल मांडलेली. प्रत्येकाला ओल्या गंधाचं बोट, त्यावर हळद, त्यावर कुंकू. लेस्टरच्या इंडियन दुकानातून आणलेली झेंडूची फुलं पाण्यात बुडवून वर ठेवलेली, आणि त्या फुलांचं पाणी ताम्हनात उतरलेलं. दिसत फार सुंदर होतं.

"टार्गेटला इतकी धार कशाला लागते?" त्यानं विचारलं.

"इनडोअर स्पर्धेला लागते," मी म्हणाले.

"असं होय," तो म्हणाला. "मग जिंकून ये."

साधं पोलाद, तेल धुऊन काढलेलं, ओल्या हळदीकुंकवाखाली रात्रभर. पुण्यातल्या सरांनी मला हाकलूनच दिलं असतं. मी तेव्हाच हात घालून ती उचलू शकत होते. 'अरे, ही गंजतील' एवढं म्हणायला काय लागतं? पण मग तो म्हणाला असता, गंजली तर गंजली, टार्गेटला काय फरक पडतो? आणि मग फ्रान्सचं सगळं सांगावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं की पूजेतलं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. एरवी मी कुठले नियम पाळते? चतुर्थीला ऑम्लेट खाणारी बाई मी. त्या एका रात्रीपुरती धर्माला फार मान देऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दसरा. कोच दुपारी निघणार होते. नवऱ्यानं सकाळी लवकर उठून अक्षता टाकल्या, पाती स्वतः पुसली, डब्यात भरली, वर झेंडूची एक पाकळी ठेवली आणि कामाला गेला. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. डबा उघडला. खोबणींत हळद तशीच होती, आणि धारेच्या कडेनं, सहाच्या सहांवर, नारिंगी ठिपके.

माझ्यापाशी दीड तास होता. एका पात्याला नीट परत धार लावायला तासभर लागतो. मी स्टीलची घासणी घेऊन गंज काढला, तेल लावलं, चामड्यावर चार हात मारले. चमकायला लागली. नुसतं बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मग मी हातावरच्या केसांवर फिरवून पाहिली. दोन पाती केस कापत होती. चार ओढत होती. कापणारी दोन मी डब्यात वर ठेवली, ते वरचीच आधी घेतील या हिशेबानं. हा हिशेब मी केला म्हणजे मला सगळं कळत होतं.

कोचच्या घरी जाताना वाटेत आमचं हॉस्पिटल लागतं. गेटसमोरच सिग्नल लाल झाला. तिसऱ्या मजल्यावर माझा मायक्रोस्कोप. धार खालून उजेड देऊन बघितली की खड्डे लगेच दिसतात, दोन मिनिटांचं काम. सिग्नल हिरवा झाला आणि मी सरळ गेले.

कोचची गाडी भरून तयार होती. डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि उघडलाही नाही. "तू केलंय म्हणजे मी बघायची गरज नाही," ते म्हणाले. मग गॅरेजच्या टेबलावरचं ते स्टेनलेसचं पाकीट उचलून विचारलं, "हीपण असू दे का, जादा म्हणून?"

या प्रश्नाचं उत्तर मी नंतर हजार वेळा मनात दिलं आहे. असू द्या. न्या ना. काय बिघडतं? देवानं शेवटची संधी माझ्या हातात ठेवली होती आणि मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"कशाला?" मी म्हणाले. "लागणार नाहीत."

ते दोन आठवड्यांनी परत आले. फोन केला नाही, म्हणून मीच रविवारी गेले. चहा करताना त्यांची माझ्याकडे पाठ होती, आणि पाठ करूनच त्यांनी सांगितलं. नर होता, मोठा. वीस पावलांवर, आडवा उभा. बाण जिथे हवा तिथेच लागला, खांद्याच्या मागे. पण आत गेला तो थोडाच. जनावर ओरडलं आणि पळालं. कुत्री लावली, दोन दिवस हिंडले. पहिल्या दिवशी रक्ताचे थेंब सापडत गेले, ओढ्यापाशी तेही थांबले. बाण ओढ्याकाठी पडलेला मिळाला. डुक्कर नाही.

"पाण्यापर्यंत गेलं," ते म्हणाले. "तहान लागते त्यांना."

त्यांनी दोन कप आणून टेबलावर ठेवले.

"हात संपला माझा, डक. नजर आहे, हात नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, मित्रानं सांगितलं होतं. हट्टानं गेलो आणि एका जनावराचे हाल केले." त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला. पाती स्वच्छ पुसून, तेल लावून ठेवलेली. "तुझं काम चोख होतं. दोष द्यायचा तर मला दे."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "असं होतं कधीकधी." माझ्या तोंडून खरोखर हेच शब्द निघाले.

त्यांनी धनुष्य क्लबला देऊन टाकलं. कोचिंगही सोडलं. पोरांना काय तोंडानं शिकवू, म्हणाले. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी ती पाती लॅबमध्ये नेली, आणि जे आधी बघायचं ते आता बघितलं. धारेला ओळीनं खड्डे होते, करवतीसारखे. त्यामुळेच बाण अडकला का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. खांदा दुबळा होताच, हाड लागलं असेल, ढाल जाड असेल. पण ज्या माणसानं जन्मभर खात्री असल्याशिवाय बाण सोडला नाही त्याला मी खोटी खात्री दिली होती, एवढं मला माहीत होतं. आणि ते पाण्याकडे जाणारं जनावर माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. नळ सोडला तरी आठवायचं.

मी क्लबला जायचं बंद केलं. जेवताना घास फिरायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं, नवऱ्यानं सहज "काय गं?" म्हटलं तरी मी दचकायची. दोन महिन्यांनी, नाताळच्या सुट्टीत, एका सकाळी भाजी चिरता चिरता मी त्याला सांगून टाकलं. फ्रान्स, डुक्कर, खाटकाकडचा खांदा, सगळं.

"माझं जॅकेट?" तो ओरडला. "डुकराला घातलंस माझं जॅकेट?" आणि हसायला लागला. मीपण रडता रडता हसले. मग पूजेचं सांगितलं. पाती साध्या पोलादाची होती, तेल निघालं, ओल्या हळदीनं गंजली. इथे त्याचं हसू थांबलं. तो हातातल्या कपाकडे बघत बसला.

"म्हणजे माझ्यामुळे," तो म्हणाला.

त्या वेळी पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. नाही रे, मी गंज पाहिला होता. घासून चमकवलं, डब्यात वरखाली रचलं, जादा पाती ते नेत होते तर नको म्हणाले. पण दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं जरा सरकलं होतं. ते दुसऱ्यानं उचललंय म्हणून सरकलंय, हेही कळत होतं. "तसं नाही रे," मी म्हणाले. पण असं म्हणाले की त्याला 'तसंच आहे' असं ऐकू जावं.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"अगं, तो माणूस स्वतःला दोष देत बसलाय!" त्यानं कप ठेवला. "चल. मी येतो. मीच सांगतो."

आम्ही त्याच दुपारी गेलो. नवऱ्यानं मंडळातल्या कुणाकडून आणलेला चिवड्याचा डबा बरोबर घेतला. कोचच्या किचनमध्ये तो बसलाच नाही. कोट अंगात तसाच ठेवून उभा राहिला आणि इंग्रजीत, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं सावकाश, सांगायला लागला. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा असते. मला वाटलं ते बायकोच्या स्पर्धेचे पॉइंट्स आहेत. मी तेल धुतलं. मी हळद लावली. तिला घरी यायला उशीर झाला, तिच्या लक्षात आलं नाही. तुमचा हात ठीक आहे, सर. चूक माझी. मला क्षमा करा.

तिच्या लक्षात आलं नाही. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. त्यानं ते आपल्या मनानं, माझ्यासाठी, जोडलं होतं.

कोच त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "खरं का, डक?"

मी मान डोलावली.

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. त्यांनी उजवा हात उचलला, खांद्यातून एकदा हळूच फिरवून पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाताचा दोष नव्हता तर," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, चिवड्याचा डबा उघडला, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, तुझ्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. मार्चमध्ये ते क्लबला परत आले. शिकार पुन्हा केली नाही, पण शेवटपर्यंत शिकवत राहिले.

म्हणजे सगळं ठीक झालं, असं कुणी म्हणेल. मीसुद्धा स्वतःला बरीच वर्षं तसं सांगत आले. खरं सांगून आता कुणाचं भलं होणार, हा माझा नेहमीचा मुद्दा. कोच गेले. राहता राहिला नवरा.

खंडेनवमी त्यानं सोडली नाही, पण पुढच्या वर्षापासून ताम्हनात फक्त त्याचा स्टेथोस्कोप आणि दोन पुस्तकं. माझ्या वस्तूला तो हात लावत नाही. आता रिटायर झालाय, दिवसभर घरात असतो. परवा त्याला एक पार्सल उघडायचं होतं. माझी शिवणाची कात्री समोर टेबलावर होती. मी वरच्या मजल्यावर होते. तो जिना चढून वर आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुझी कात्री घेऊ का गं जरा?"

"घे ना," मी म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"नको बाई," तो हसून म्हणाला, "माझ्या हातून पुन्हा काही व्हायला नको."